रोगप्रतिकारशक्ती आणि पेप्टाइड उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत औषधांच्या दुकानात उभे राहून मला बावीस वर्षे झाली. सांगली, तासगाव, जत, पलीकडे अथणी-चिकोडीपर्यंतच्या भागातून "मिरजेला दाखवायला" आलेली माणसे डॉक्टरांकडून निघाली की आमच्याकडे येतात आणि डॉक्टरांना विचारायचे राहिलेले प्रश्न आम्हाला विचारतात. पूर्वी हे प्रश्न ताकदीच्या सलाईनविषयी असत. अलीकडे मोबाइलवर पाहिलेल्या एखाद्या व्हिडिओचा उल्लेख होतो आणि "प्रतिकारशक्तीसाठी ते पेप्टाइडचे इंजेक्शन कसे असते हो?" अशी विचारणा होते. त्याच त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. ती औषधविक्रेत्याच्या बाजूने लिहिलेली आहेत. निदान करणे आणि उपचार ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे, ते येथे केलेले नाही.

पेप्टाइड म्हणजे नेमके काय?

अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली गेली की साखळी तयार होते. साखळी लांब असेल तर तिला प्रथिन म्हणतात, आखूड असेल तर पेप्टाइड. साधारण पन्नास अमिनो आम्लांपर्यंतची साखळी पेप्टाइड समजली जाते, पण ही सीमा काटेकोर नाही. बाळंतपणात कळा वाढवण्यासाठी देतात ते ऑक्सिटोसिन नऊ अमिनो आम्लांचे आहे, तर इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे, म्हणजे अगदी उंबरठ्यावरचे. मधुमेहासाठी आणि वजन कमी करण्यासाठी आता सर्वांच्या तोंडी असलेले सेमाग्लुटाइड हेही पेप्टाइडच आहे. ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत १९५३ साली तयार झाले आणि १९६३ साली ब्रूस मेरिफील्ड यांनी साखळी घन आधारावर एकेक कडी जोडत विणण्याची पद्धत शोधली. हव्या त्या क्रमाचे पेप्टाइड आज कोणत्याही सुसज्ज प्रयोगशाळेला बनवता येते, त्यामागे मुख्यतः हीच पद्धत आहे.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. "पेप्टाइड" हा शब्द रेणूची बांधणी सांगतो, त्याचा गुण सांगत नाही. "गोळी" म्हटल्याने गोळीत काय आहे ते जसे कळत नाही, तसेच हे आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला, त्या विंचवाचे विषही मुख्यतः पेप्टाइडांमुळेच विषारी असते. त्यामुळे "पेप्टाइड नैसर्गिक असतात, म्हणून ते सुरक्षित असतात" हे वाक्य कोणी ऐकवले, तर त्याला विंचवाची आठवण करून द्यावी.

प्रतिकारशक्ती "वाढवणे" आणि "संतुलित करणे" यांत फरक आहे का?

फरक आहे, आणि बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात. आपण प्रतिकारशक्तीविषयी असे बोलतो, जणू ती छतावरच्या पाण्याच्या टाकीसारखी आहे; पातळी खाली गेली की मोटार लावायची आणि भरून घ्यायची. प्रत्यक्षात ती एकमेकांना चेतवणाऱ्या आणि एकमेकांना आवरणाऱ्या अनेक प्रकारच्या पेशींची व्यवस्था आहे. जंतू दिसताच तुटून पडणाऱ्या पेशी तिच्यात असतात, आधी भेटलेल्या जंतूची ओळख वर्षानुवर्षे जपणाऱ्या पेशी असतात, आणि "आता पुरे, हे आपलेच आहे" असे सांगणाऱ्या पेशीही असतात. या आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हा आवर सुटला तर प्रतिकार यंत्रणा आपल्याच सांध्यांवर, थायरॉइडवर, त्वचेवर किंवा मूत्रपिंडांवर चालून जाते.

मागच्या हिवाळ्यात तासगावकडच्या एक मावशी दुकानात आल्या होत्या. बोटांचे सांधे इतके सुजलेले की गोळ्यांची पट्टी त्यांना स्वतःला फोडता येत नव्हती. चिठ्ठीवर संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट होते, आणि ते बांधून देत असताना त्यांनी हळूच विचारले, "भाऊ, अंगात काही राहिलं नाही, प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी द्या की सोबत." त्यांच्या बोटांची ती अवस्था त्यांच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेच केली होती, आणि हातातले औषध तिलाच आवरण्यासाठी दिलेले होते. एका पिशवीत दोन्ही बांधून देणे म्हणजे एकाच वेळी ब्रेकवर आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवणे झाले असते. मी त्यांना थकव्याविषयी डॉक्टरांशी पुन्हा बोलायला सांगितले. तपासणीत हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले आणि थकव्याचे कारण तेथेच मिळाले.

"संतुलन" हा शब्द त्या मानाने बरा आहे, पण जाहिरातीत तो बहुधा काहीच न सांगण्यासाठी वापरला जातो. कोणत्या पेशींचे, कोणत्या आजारात, कोणत्या तपासणीवरून मोजलेले संतुलन, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे संतुलनाचे औषधही नसते.

शरीर स्वतः असे पेप्टाइड तयार करते का?

होय, आणि सतत करते. त्वचा, श्वासमार्ग आणि आतड्याच्या अस्तरात डिफेन्सिन नावाचे छोटे पेप्टाइड असतात. ते जंतूंच्या आवरणाला छिद्रे पाडतात. माणसात कॅथेलिसिडिन कुळातील एकच पेप्टाइड आढळते, एलएल-३७. सदतीस अमिनो आम्लांचे आणि ल्युसिनच्या जोडीने सुरू होणारे, म्हणून हे नाव. त्याच्या निर्मितीला ड जीवनसत्त्व चालना देते. उन्हात राबणाऱ्या आपल्या भागातही ड जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार सापडते, म्हणून ही माहिती उपयोगाची आहे.

मात्र येथेही "जितके जास्त तितके चांगले" हा हिशेब चालत नाही. सोरायसिसच्या चट्ट्यांत एलएल-३७ मुबलक असते. ते मेलेल्या पेशींतील डीएनएला चिकटून प्रतिकार पेशींना खोटी सूचना देते आणि दाह पेटता राहतो, असे २००७ साली दाखवले गेले. जंतूंना मारणारे हत्यार त्वचेच्या बाबतीत आगीत तेल ओतणारे ठरते. बाहेरून एलएल-३७ टोचून घेण्याचा सल्ला देणाऱ्यांच्या बोलण्यात हा भाग सहसा नसतो.

थायमोसिन अल्फा-१ विषयी एवढे बोलले जाते, त्याचा पुरावा किती आहे?

प्रतिकारशक्तीसाठी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पेप्टाइडांत गंभीरपणे विचार करावा असे नाव हेच आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. ती कशासाठी आहे हे फार काळ कोणाला ठाऊक नव्हते. जॅक मिलर यांनी १९६१ साली नवजात उंदरांतील ही ग्रंथी काढून दाखवले की तिच्याशिवाय प्रतिकारशक्ती घडतच नाही. टी-पेशींतील "टी" हे अक्षर थायमसवरूनच आले. वयात आल्यानंतर ही ग्रंथी आक्रसत जाते. १९६६ साली ॲलन गोल्डस्टीन आणि अब्राहम व्हाइट यांनी वासरांच्या थायमसमधून एक अर्क वेगळा केला आणि त्याला थायमोसिन हे नाव दिले. त्यातीलच अठ्ठावीस अमिनो आम्लांचा एक तुकडा म्हणजे थायमोसिन अल्फा-१. औषध म्हणून तो आता प्राण्यापासून न काढता कृत्रिमरीत्या बनवतात. त्या रूपाचे नाव थायमाल्फासिन.

चीनसह अनेक देशांत हिपॅटायटिस बी-साठी, म्हणजे यकृताच्या एका विषाणूजन्य आजारासाठी, त्याला मान्यता मिळाली. नेहमीची मात्रा १.६ मिलिग्रॅम, त्वचेखाली, आठवड्यातून दोनदा, आणि तीही काही महिने. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिलेली नाही. हिपॅटायटिस बी-च्या उपचारातही आता टेनोफोव्हिर आणि एन्टेकाव्हिर या रोज घ्यायच्या गोळ्या पुढे आहेत, कारण त्यांचा परिणाम खात्रीचा आहे आणि सुई टोचावी लागत नाही.

भारतातही हे इंजेक्शन मिळते, आणि त्याचा वापर मुख्यतः अतिदक्षता विभागात, सेप्सिस म्हणजे रक्तात पसरलेल्या गंभीर संसर्गाच्या रुग्णांसाठी होतो. आशेचा आधार २०१३ सालचा चीनमधील एक अभ्यास होता. त्यातील ३६१ रुग्णांपैकी औषध मिळालेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यू २६ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ३५ टक्के. आकडे डोळ्यांत भरणारे होते, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला जेमतेम काठावर येऊन थांबणारे. मग मोठा अभ्यास झाला. २२ केंद्रे, ११०६ रुग्ण, आणि औषध कोणाला व औषध नसलेले इंजेक्शन कोणाला हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही, अशी मांडणी. त्याचा निकाल २०२५ च्या जानेवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. औषधाच्या गटात मृत्यू २३.४ टक्के, दुसऱ्या गटात २४.१ टक्के. फरक नाही म्हटले तरी चालेल. वय आणि मधुमेह यांनुसार परिणाम वेगळा असू शकेल असे त्या आकड्यांत पुसट दिसले, पण ती पुढे तपासायची शंका आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र औषध चांगले ठरले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. टोचलेल्या जागी लाली आणि दुखणे यांपलीकडे तक्रारी फारशा आढळल्या नाहीत.

हा सगळा पुरावा विशिष्ट आजाराच्या रुग्णांवरचा आहे. ऋतू बदलला की ज्यांना सर्दी होते, कामाच्या ताणाने जे थकलेले आहेत, अशा चालत्याफिरत्या माणसाने हे इंजेक्शन घेतल्यास तो कमी आजारी पडतो, असे या आकड्यांतून निघत नाही. जे अत्यवस्थ रुग्णाला निर्विवादपणे वाचवू शकले नाही, ते निरोगी माणसाला "अधिक निरोगी" करील, हा दावा करणाऱ्याने निदान तेवढाच मोठा अभ्यास दाखवावा.

बीपीसी-१५७, टीबी-५००, केपीव्ही या नावांचे काय?

बीपीसी-१५७ पंधरा अमिनो आम्लांचे आहे. त्याचे मूळ जठररसातील प्रथिनात असल्याचे सांगतात आणि त्यावरचे बहुतेक काम उंदीर-घुशींवरचे आहे. माणसांवरचा पुरेसा पुरावा नाही. टीबी-५०० हे थायमोसिन बीटा-४ शी संबंधित आहे. नाव सारखे असले तरी त्याचा वर सांगितलेल्या अल्फा-१ शी काही संबंध नाही, आणि नेमक्या या नामसाधर्म्याचा फायदा विक्रेते घेतात. केपीव्ही हा तीनच अमिनो आम्लांचा तुकडा. दाह कमी करण्याच्या दृष्टीने प्रयोगशाळेत रंजक, दवाखान्यात अजून नाही.

कुंडल, पलूस, कवठेपिरान या बाजूच्या तालमींतील मुलांसाठी एक वेगळी सूचना. बीपीसी-१५७ आणि थायमोसिन बीटा-४ ही दोन्ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी असलेल्या यादीत आहेत. खांदा लवकर भरून यावा म्हणून कोणी मित्राने दिलेली कुपी मैदानातून बाहेर काढू शकते, आणि "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर तेथे ऐकून घेतले जात नाही.

मग प्रतिकार यंत्रणेवर काम करणारे सिद्ध झालेले एकही पेप्टाइड औषध नाही का?

आहे, आणि ते वाचून बहुतेकांना नवल वाटते. सायक्लोस्पोरिन हे अकरा अमिनो आम्लांचे, वर्तुळाकार पेप्टाइड आहे. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका बुरशीपासून ते मिळाले. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाचे शरीर नवा अवयव नाकारू नये म्हणून ते देतात. १९८३ साली अमेरिकेत मान्यता मिळाल्यानंतर अवयवरोपणाचे चित्रच बदलले. दुसरे उदाहरण ग्लॅटिरामर ॲसिटेटचे. चार अमिनो आम्लांच्या वेगवेगळ्या जुळण्यांतून बनलेले हे पेप्टाइडांचे मिश्रण मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे प्रतिकार यंत्रणा मज्जातंतूंच्या आवरणावर चालून जाते त्या आजारात, वापरले जाते आणि त्यालाही १९९६ सालापासून मान्यता आहे.

ही दोन्ही औषधे प्रतिकारशक्ती वाढवत नाहीत. पहिले तिला दाबते, दुसरे तिचा रोख वळवते. आपल्याकडे जे "इम्युनिटी वाढवणारे" म्हणून विकले जाते आणि वैद्यकशास्त्रात जे खरोखर टिकले, त्यांची तोंडे दोन दिशांना आहेत.

इंजेक्शनऐवजी पेप्टाइडची पावडर किंवा गोळी घेतली तर चालेल का? घरचा खरवस त्याच जातीचा नाही का?

जठरातील पेप्सिन आणि आतड्यातील ट्रिप्सिन यांचे कामच मुळी अशा साखळ्या तोडण्याचे आहे. डाळ असो, अंडे असो किंवा महागडी पावडर, पोटाच्या दृष्टीने सगळे प्रथिनच; त्याची अमिनो आम्ले आणि काही अगदी छोटे तुकडे तेवढे शोषले जातात. सायक्लोस्पोरिन तोंडावाटे चालते, कारण त्याचे वर्तुळ आणि त्याची खास रचना या विकरांना दाद देत नाही. सेमाग्लुटाइडची गोळी बनवताना तिच्यात शोषणाला मदत करणारा वेगळा पदार्थ घालावा लागला, आणि तरीही गिळलेल्या मात्रेतला एक टक्काही पूर्णपणे रक्तात पोहोचत नाही. एवढा खटाटोप न करता बनवलेली "पेप्टाइड कॅप्सूल" काय करत असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

खरवसाचा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो. म्हैस किंवा गाय व्यालल्यानंतरच्या चिकात प्रतिपिंडे (जंतूंना ओळखून पकडणारी प्रथिने, अँटिबॉडी) भरपूर असतात, कारण वासराला ती आईच्या पोटात मिळत नाहीत. जन्मल्यावर पहिल्या दिवसभरातच ती त्याच्या आतड्यातून आत जावी लागतात. माणसाच्या बाळाला ती वारेतून आधीच मिळालेली असतात. शिवाय आपण चीक वाफवतो, आणि तो ज्यामुळे थिजतो ती उष्णताच या प्रतिपिंडांची घडी मोडते. चिकातील लॅक्टोफेरिन या प्रथिनाचा पोटातील पेप्सिनने तुकडा पाडला की लॅक्टोफेरिसिन नावाचे जंतुनाशक पेप्टाइड तयार होते हे खरे, पण म्हणून खरवसाची वाटी औषध ठरत नाही. वेलची-जायफळ घालून तो खावा, आनंदाने खावा. हळदीच्या दुधाबाबतही हेच म्हणता येईल. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान आहेच, पण हळदीतील कर्क्युमिन हे पेप्टाइड नाही आणि ते आतड्यातून फार थोडे शोषले जाते.

ऑनलाइन मागवलेली कुपी वापरली तर काय धोका आहे?

दोन वर्षांपूर्वी सांगलीच्या विश्रामबागेतील एक गृहस्थ अशी कुपी घेऊन आले. कुरिअरच्या थर्माकोलच्या डब्यातील बर्फाची पिशवी पूर्ण वितळून कोमट झाली होती. बोटभर उंचीची काचेची बाटली, तळाशी पांढऱ्या पावडरीची चकती, निळे झाकण. लेबलवर पेप्टाइडचे नाव, "५ मिग्रॅ", आणि खाली बारीक अक्षरांत "केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही". बॅच क्रमांक नाही, उत्पादन परवान्याचा क्रमांक नाही, मुदत संपण्याची तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. त्यांना माझ्याकडून फक्त इन्सुलिनच्या सिरिंज हव्या होत्या.

मित्राने त्यांना "चौसष्ट युनिट घ्यायचे" असे सांगितले होते. मी विचारले, पावडरीत पाणी किती घातले? ते म्हणाले, एक मिली. मित्राने दोन मिली घातले होते. शंभर युनिटच्या सिरिंजमध्ये शंभर खुणा म्हणजे एक मिली. पाच मिलिग्रॅम पावडर दोन मिलीत विरघळली तर चौसष्ट खुणांवर १.६ मिलिग्रॅम येते. एक मिलीत विरघळली तर त्याच चौसष्ट खुणांवर ३.२ मिलिग्रॅम, म्हणजे दुप्पट. दोघांच्या सिरिंज सारख्या, खुणा सारख्या, मात्रा मात्र वेगळी. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. तरीही चूक झाली, कारण सोबत माहितीपत्रकच नव्हते.

आणि हा हिशेबही बाटलीत लेबलवर लिहिलेलेच आहे असे धरून केला. आत वेगळे पेप्टाइड असू शकते, अर्धवट विणलेल्या साखळ्या असू शकतात, जिवाणूंच्या आवरणातून आलेले एन्डोटॉक्सिन असू शकते. एन्डोटॉक्सिन डोळ्यांना दिसत नाही; थंडी वाजून ताप येतो, आणि विक्रेता सांगतो की "औषध लागू पडतंय, प्रतिकारशक्ती जागी होतेय". शुद्धतेचे प्रमाणपत्र सोबत असले तरी त्यात बहुधा रेणूची शुद्धता दिलेली असते. निर्जंतुकतेविषयी ते काही सांगत नाही.

साठवणुकीचा मुद्दा आपल्या भागात विशेष जाणवतो. अशी बहुतेक औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेले, तेव्हा शहराच्या मोठ्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती, आणि इन्सुलिन कुठे ठेवायचे या चिंतेने लोक नातेवाइकांची घरे शोधत होते. इन्सुलिनच्या बाबतीत निदान बाटलीवर सूचना असते आणि विचारायला डॉक्टर असतो.

भारतात हे कायदेशीर आहे का?

"पेप्टाइड थेरपी" नावाची कोणतीही सरसकट मान्यता नाही. मान्यता मिळते ती एकेका औषधाला, एकेका आजारासाठी. ती केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना देते, आणि विक्रीवर राज्यात अन्न व औषध प्रशासनाची देखरेख असते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली मान्य औषधाच्या वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच आणि तारखा असाव्याच लागतात. हे नसेल तर वस्तू औषधच नाही, मग ती कितीही महाग असो. कोणी "आम्ही अभ्यासाखाली देतो" असे म्हणाले, तर भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीतील क्रमांक मागावा. ही नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे, सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे, आणि खऱ्या चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून औषधाचे पैसे घेत नाहीत.

कोणी अशा उपचाराच्या वाटेला जाऊच नये?

अवयव बदललेल्यांनी तर नाहीच. थायमाल्फासिनच्या माहितीपत्रकातच, ज्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे अशा रुग्णांबाबत इशारा आहे. संधिवात, ल्युपस, सोरायसिस यांसारखे आजार असलेल्यांनी, कर्करोगावर उपचार चालू असलेल्यांनी, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे काहीही घेऊ नये. मधुमेह असलेल्यांनी आधी साखरेकडे पाहावे, कारण वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी आळसावतात. तीन महिन्यांची सरासरी खाली आली की वारंवार होणारी गळवे आणि लघवीचे संसर्ग कित्येकदा आपोआप कमी होतात.

माझ्या चार वर्षांच्या मुलाला सारखी सर्दी होते. त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का?

बहुधा नाही. बालवाडीत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे त्या वयाचे रोजचे चित्र आहे. जंतूंशी पहिली ओळख अशीच होते. मधल्या काळात मूल खेळते, खाते, वजन वाढते, तर घाबरू नये. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, खोल गळवे पुन्हा पुन्हा झाली, वजन वाढेना, प्रतिजैविके महिनोन्‌महिने चालू राहिली, किंवा घराण्यात लहान मुले अशा आजारांनी दगावली असतील, तर बालरोगतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगावे. जन्मजात प्रतिकारक्षमतेचे दोष खरे असतात, त्यांच्यासाठी रक्ताच्या ठरावीक तपासण्या असतात आणि कित्येकांत शिरेतून प्रतिपिंडे देण्याचा उपचार असतो. मुलांना पेप्टाइड टोचण्याचा प्रश्नच येत नाही.

मी मोठा माणूस आहे आणि खरोखर वारंवार आजारी पडतो. मग मी काय करू?

आधी "वारंवार" म्हणजे किती, ते कॅलेंडरवर लिहा. मग फिजिशियनकडे जा. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचे सिव्हिल येथे साध्या तपासण्या होतात. रक्तातील पेशींची मोजणी, साखर, थायरॉइड, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व, गरज वाटल्यास एचआयव्ही आणि क्षयाची तपासणी, आणि डॉक्टरांना शंका आली तर इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांची, पातळी. बहुतेकांचे उत्तर या यादीतच सापडते, आणि ते पेप्टाइडच्या एका कुपीपेक्षा स्वस्त असते.

विशिष्ट जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती वाढवण्याचा सिद्ध झालेला मार्ग मात्र आहे, तो म्हणजे लस. मोठ्या माणसांसाठीही दरवर्षीची फ्लूची लस आहे, हिपॅटायटिस बी-ची आहे, पासष्टीपुढे न्यूमोनियाची आहे, नागिणीची आहे. दुकानात पेप्टाइडची चौकशी करणाऱ्या दहांपैकी एखाद्यानेच या लशी घेतलेल्या असतात, असे माझे निरीक्षण आहे. कोणी मोजलेले नाही.

मी दोन-तीन इंजेक्शने आधीच घेतली आहेत. आता काय करावे?

पुढची मात्रा थांबवावी आणि लपवू नये. डॉक्टर रागावतील म्हणून लोक सांगत नाहीत, आणि मग तापाचे कारण शोधण्यात चार दिवस जातात. कुपी, पाण्याची बाटली, वेष्टन, पावती सगळे सोबत न्यावे. उरलेले औषध ओतून टाकू नये. टोचलेली जागा लाल, गरम, टणक झाली असेल, थंडी वाजून ताप येत असेल, अंगावर गांधी उठल्या असतील तर त्याच दिवशी दाखवावे. ओठ सुजणे किंवा श्वास लागणे सुरू झाल्यास थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. सुई कोणाशी वाटून वापरली असेल, तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी यांच्या तपासणीविषयी विचारावे. दुष्परिणामाची नोंद औषध सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतःलाही करता येते.

वापरलेल्या सुया घंटागाडीच्या पिशवीत टाकू नयेत. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात त्या घुसतात. फिनेलच्या रिकाम्या, जाड प्लास्टिकच्या बाटलीत भराव्यात, झाकण घट्ट लावावे, वर "सुया" असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि ज्या दवाखान्यात जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येते तेथे विचारून द्यावी. विश्रामबागेच्या त्या गृहस्थांनी अशीच बाटली आणून दिली, त्यात नऊ सुया होत्या.